इंग्लिश वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळवायचं कसं: एकेक पायरी घेऊन

इंग्लिश चांगलं येणाऱ्या लोकांच्या लिखाणातही एक चूक हमखास सापडते. 'शी हॅव', 'ही गो', 'द लिस्ट ऑफ नेम्स आर' अशी. शब्द चांगले असतात, स्पेलिंग बरोबर असतं, मुद्दाही नीट मांडलेला असतो, पण कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, नाहीतर उलटं, आणि वाचणारा नेमका तिथेच अडखळतो. नुसतं स्पेलिंग तपासून ही चूक सापडत नाही कारण 'गो' हाही बरोबर शब्द आहे आणि 'गोज' हा पण बरोबरच आहे, चूक शब्दात नसतेच, ती दोन शब्दांच्या नात्यात असते.

ग्रामरच्या पुस्तकात यावर वीस-पंचवीस नियम दिलेले असतात आणि लोक ते पाठ करत बसतात, परीक्षेपुरते लक्षात राहतात आणि लिहायला बसलं की एकही आठवत नाही. माझं म्हणणं असं की पाठ करायची गरजच फार कमी आहे. प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारायचे असतात: या क्रियापदाचा खरा कर्ता कोण? आणि इंग्लिश त्याला एक मानतं की अनेक? बहुतेक सगळ्या चुका या दोनापैकी एका जागी होतात, आणि आपली चूक कुठल्या जागी होते हे कळलं की अर्धं काम झालं.

आधी जुळवायचं किती आहे ते बघू

मराठीत आपण रोज याच्यापेक्षा कितीतरी अवघड जुळवाजुळव करतो. मुलगा येतो, मुलगी येते, मूल येतं, मुलं येतात. भूतकाळात तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे बघतं: मी पुस्तक वाचलं, मी कादंबरी वाचली, मी लेख वाचला. इंग्लिशमध्ये यातलं काहीच नाही. लिंग नाही, कर्म नाही. फक्त कर्ता बघायचा, तो पण फक्त वचनासाठी आणि थोडासा पुरुषासाठी.

त्यातही साध्या भूतकाळात काही बदलतच नाही. आय वेंट, ही वेंट, दे वेंट, सगळं एकच. अपवाद फक्त 'वॉज' आणि 'वेअर'चा. कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट ही मंडळी पण कधी बदलत नाहीत आणि त्यांच्या मागून येणारं क्रियापदही मूळ रूपात राहतं, म्हणून 'शी कॅन स्पीक्स' चूक आणि 'शी कॅन स्पीक' बरोबर. म्हणजे उरलं काय? साधा वर्तमानकाळ, आणि तीन कामाची क्रियापदं:

'बी'ची रूपं: आय ॲम, ही-शी-इट इज, बाकी सगळे आर. भूतकाळात आय-ही-शी-इट वॉज, बाकी वेअर.
'हॅव': ही-शी-इट हॅज, बाकी हॅव.
'डू': ही-शी-इट डज, बाकी डू.
उरलेली सगळी क्रियापदं: ही-शी-इट किंवा कुठलंही एकवचनी नाम असेल तर शेवटी 'एस', नाहीतर नाही.

बस, एवढंच आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून टाका. नामाला 'एस' लागला की ते अनेकवचन होतं, पण क्रियापदाला 'एस' लागला की ते एकवचनी कर्त्याचं होतं. द बॉय रन्स, द बॉइज रन. म्हणजे साध्या वाक्यात 'एस' एकतर कर्त्याला असतो नाहीतर क्रियापदाला, दोघांना सहसा नसतो. ही खूण कामाची आहे पण डोळे झाकून वापरू नका, कारण 'चिल्ड्रन प्ले' मध्ये कुणालाच 'एस' नाही आणि 'द बस स्टॉप्स' मध्ये दोघांनाही आहे.

हा एकटा 'एस' म्हणजे जुन्या व्यवस्थेचा उरलेला तुकडा आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये मी, तू, तो यांना क्रियापदाचे वेगवेगळे प्रत्यय होते, ते हळूहळू गळून पडले. चारशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात 'ही हॅथ', 'शी डथ' अशी रूपं दिसतात. 'यू' हा शब्द मुळात अनेकवचनी होता, एकट्यासाठी 'दाऊ' होता, तो मागे पडला आणि 'यू' दोन्हीकडे चालायला लागला, पण क्रियापद त्याचं जुनंच राहिलं. म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' आणि 'यू वेअर'च. 'यू वॉज' प्रमाण इंग्लिशमध्ये नाही.

आणि ज्यांना वाटतं की एवढा साधा 'एस' आपल्याला जमत नाही म्हणजे आपलं इंग्लिश कच्चं आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रॉजर ब्राउन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इंग्लिश हीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं बारकाईने अभ्यासलं आणि १९७३ साली ते प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की नामाच्या अनेकवचनाचा 'एस' मुलं आधी शिकतात, मालकी दाखवणारा 'एस' त्यानंतर, आणि क्रियापदाचा 'एस' त्याच्याही बऱ्याच नंतर. आवाज तोच, पण हा शेवटी पक्का होतो. तेव्हा वेळ लागला तर खचून जाऊ नका.

'एस' लावायचा कसा

इथे फार वेळ घालवायला नको. शब्दाच्या शेवटी एस, एसएच, सीएच, एक्स, झेड किंवा ओ असेल तर 'ईएस' (वॉचेस, पासेस, फिक्सेस, गोज). शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन 'आयईएस' (स्टडी-स्टडीज, ट्राय-ट्राइज), आधी स्वर असेल तर नुसता 'एस' (प्ले-प्लेज, बाय-बाइज). बोलताना 'वर्क्स' मध्ये स ऐकू येतो, 'रन्स' मध्ये झ सारखा, 'वॉचेस' मध्ये एक जादाचा इझ. 'से'चं 'सेझ' होतं आणि 'डू'चं 'डझ', हे दोन उच्चार वेगळे लक्षात ठेवा. लिहिताना मी इथे 'डज' लिहितेय पण बोलताना झ कडे झुकू द्या.

'डज' आला की 'एस' त्याने उचललेला असतो, मुख्य क्रियापदावर परत लावायचा नाही. 'ही डज नॉट नोज' चूक, 'ही डज नॉट नो' बरोबर. 'डज शी वर्क्स हिअर' चूक, 'डज शी वर्क हिअर' बरोबर. तसंच लेट आणि मेकनंतर क्रियापद मूळ रूपातच: 'लेट हिम गो', 'इट मेक्स हर लाफ'. इथे 'हर' आहे म्हणून 'लाफ्स' करायचा मोह होतो, पण 'हर' हा कर्ता नाहीये, कर्ता 'इट' आहे आणि त्याचा 'एस' 'मेक्स'वर बसलेला आहे.

एक चूक मला फार ठिकाणी दिसते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एका कर्त्याची दोन-तीन क्रियापदं ओळीने आली की पहिल्याला 'एस' लागतो आणि पुढचे उघडे राहतात. 'शी वेक्स अप अर्ली, चेक हर मेल अँड गो फॉर अ वॉक.' कर्ता शेवटपर्यंत 'शी'च आहे ना, मग तिन्हीला लागणार: वेक्स, चेक्स, गोज. रोजचा दिनक्रम किंवा एखादं यंत्र कसं चालतं हे लिहिताना ही चूक जास्त होते, कारण वाक्य लांबतं आणि कर्ता मागे पडतो.

पायरी १: बदलणारं क्रियापद पकडा

वाक्यात क्रियापदाचे तीन-चार शब्द असतील तरी बदलतो फक्त पहिला. 'हॅज बीन वर्किंग' मध्ये फक्त 'हॅज' बघायचं, 'बीन' आणि 'वर्किंग' तसेच राहतात. 'इज बीइंग रिपेअर्ड' मध्ये फक्त 'इज'. तेव्हा वाक्य वाचा, काळ दाखवणारा तो पहिला शब्द शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा. सवय होईपर्यंत खरंच कागदावर पेन्सिलीने मारा.

पायरी २: त्याला 'कोण?' किंवा 'काय?' विचारा

इज लेट, कोण? हॅज चेंज्ड, काय? जे उत्तर मिळेल तो कर्ता. वाक्याच्या सुरुवातीला आलेलं पहिलं नाम म्हणजे कर्ता असं समजू नका, आणि क्रियापदाला चिकटून असलेलं नाम म्हणजे कर्ता असं तर अजिबात समजू नका.

इथे मराठीची एक सवय आडवी येते. आपल्याकडे आदरासाठी अनेकवचन वापरतात: बाबा आलेत, मॅडम म्हणाल्या, साहेब बसलेत. डोक्यात ते बहुवचन असतंच, आणि हात 'माय फादर आर कमिंग' किंवा 'अवर प्रिन्सिपल हॅव सेड' लिहून मोकळा होतो. इंग्लिशमध्ये आदर क्रियापदातून दाखवत नाहीत. माणूस कितीही मोठा असो, एकच असेल तर इज, हॅज, डज. आदर दाखवायचाच तर तो शब्दांच्या निवडीत दाखवतात.

पायरी ३: मधलं सगळं झाका

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून हिच्यावर जरा थांबू. हे वाक्य बघा:

द क्वालिटी ऑफ द रिपोर्ट्स सबमिटेड बाय द न्यू ट्रेनीज (डू / डज) नॉट मॅच अवर स्टँडर्ड.

बऱ्याच जणांचा हात 'डू'कडे जातो. का? कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी 'ट्रेनीज' आहे, त्याच्या आधी 'रिपोर्ट्स' आहे, दोन्ही अनेकवचनी, कानात तेच घुमत असतं. आता प्रश्न विचारा: मॅच होत नाही ते काय? ट्रेनीज? नाही. रिपोर्ट्स? जवळजवळ, पण तेही नाही. क्वालिटी मॅच होत नाही. 'ऑफ'पासून 'ट्रेनीज'पर्यंतचे सगळे शब्द म्हणजे कुठली क्वालिटी एवढंच सांगणारी पुरवणी आहे. बोटाने ती झाका. काय उरलं? द क्वालिटी डज नॉट मॅच अवर स्टँडर्ड. झालं.

ऑफ, इन, ऑन, विथ, फ्रॉम, फॉर, टू, बिटवीन, बाय असे शब्द आले की तिथून पुढचं नाम कर्ता नसतं, हे धरून चाला. 'द की टू द रूम्स इज', 'द डिस्टन्स बिटवीन द टू स्टेशन्स इज', 'द कलर ऑफ हर आइज इज', 'द बुक्स ऑन द टेबल आर'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये पण 'ऑफ'नंतर कितीही मित्र असूदेत, कर्ता 'वन'. म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज'. आणि हो, 'वन ऑफ'नंतरचं नाम मात्र अनेकवचनीच हवं, 'वन ऑफ माय फ्रेंड' असं नाही.

शेजारच्या नामाने फसवणं हे फक्त शिकणाऱ्यांचं होतं असं नाहीये. कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर या दोन संशोधकांनी १९९१ साली याच्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्लिश बोलणाऱ्यांना त्यांनी वाक्याची सुरुवात दिली आणि पुढे पूर्ण करायला सांगितलं. कर्ता एकवचनी आणि शेजारचं नाम अनेकवचनी असलं की त्यांच्याही चुका वाढत होत्या. गंमत अशी की उलट बाजूला, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि शेजारी एकवचनी नाम असलं तर, तितक्या चुका होत नव्हत्या. म्हणजे तपासताना आपल्याला धोका नेमका कुठे आहे ते कळतं: क्रियापदाच्या डावीकडे लगेच 'एस'वालं नाम दिसलं की थांबायचं आणि मागे जाऊन खरा कर्ता बघायचा.

याच पायरीत अजून एक टोळी येते: अलाँग विथ, टुगेदर विथ, ॲज वेल ॲज, इन ॲडिशन टू. अर्थ 'आणि' सारखा वाटतो पण ग्रामरच्या हिशोबात हे 'अँड' नाहीत. 'द मॅनेजर, अलाँग विथ हर असिस्टंट्स, इज अटेंडिंग.' दोन स्वल्पविरामांच्या मधलं झाकलं की वाक्य आपोआप सुटतं. कानाला खटकत असेल तर सरळ 'अँड' वापरून 'आर' करा, वाक्य उगाच ओढूनताणून ठेवण्यापेक्षा ते बरं.

पायरी ४: आता मोजा

कर्ता सापडला. आता तो एक की अनेक.

'अँड'ने जोडलेले दोन म्हणजे अनेक. द टीचर अँड द स्टुडंट आर. पण एकाच माणसाची दोन पदं असतील तर एकच: 'द फाउंडर अँड सीईओ इज हिअर' म्हणजे एक माणूस, 'द फाउंडर अँड द सीईओ आर हिअर' म्हणजे दोघं. एवढ्याशा 'द'ने फरक पडतो. आणि पुढे 'एव्हरी' किंवा 'ईच' लागला तर 'अँड' असूनही एकवचन: एव्हरी बॉय अँड गर्ल हॅज.

'ऑर', 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' असेल तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघायचा. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर रेडी.' उलटं केलं तर 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज रेडी', व्याकरणाने बरोबर पण कानाला विचित्र लागतं, म्हणून मी तर सांगेन की अनेकवचनी कर्ता दुसरा ठेवा, वाक्य नीट वाहतं.

एव्हरीवन, एव्हरीबडी, समवन, एनीवन, नोबडी, एव्हरीथिंग, ईच, हे सगळे एकवचनी. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे, म्हणून 'एव्हरीवन आर' लिहिलं जातं, पण इंग्लिश इथे प्रत्येकाला एकेकटं धरतं: एव्हरीवन इज, एव्हरीवन नोज. पुढे 'देअर' आलं तरी बिघडत नाही, 'एव्हरीवन हॅज सबमिटेड देअर फॉर्म' आता सर्रास चालतं. आणि एखाद्या एकट्या माणसासाठी 'दे' वापरलं तरी क्रियापद 'आर'च येतं, 'दे इज' होत नाही. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल हे कायम अनेकवचनी, त्यांच्याबद्दल विचारच करायला नको.

'ऑफ'नंतरचं बघायचं नाही असं वर म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद आहे. सम, ऑल, मोस्ट, अ लॉट, हाफ, टू-थर्ड्स, पर्सेंट हे शब्द स्वतः मोजता येत नाहीत, ते कशातले आहेत त्यावर ठरतं. 'मोस्ट ऑफ द वर्क इज डन' पण 'मोस्ट ऑफ द वर्कर्स आर हिअर'. 'थर्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज' पण 'थर्टी पर्सेंट ऑफ द व्होटर्स आर'. 'नन ऑफ देम'नंतर इज आणि आर दोन्ही चालतात, कुणी चूक काढली तर वाद घालू नका, दोन्ही प्रकारे लिहिणारे चांगले लेखक आहेत.

'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' यात लोक फार अडकतात, परीक्षेतही हमखास विचारतात. 'अ नंबर ऑफ पीपल आर वेटिंग' म्हणजे बरेच लोक थांबलेत, थांबलेत ते लोक, म्हणून आर. 'द नंबर ऑफ पीपल इज इन्क्रीझिंग' म्हणजे संख्या वाढतेय, वाढतेय ती संख्या, म्हणून इज. नियम नाही, नुसता पायरी २ चा प्रश्न विचारला तरी उत्तर येतं.

अंतर, वेळ, रक्कम एकत्र धरली असेल तर एकवचन: टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक, टू अवर्स इज इनफ. देशाचं किंवा संस्थेचं नाव दिसायला अनेकवचनी असलं तरी एकच: द युनायटेड स्टेट्स इज, द युनायटेड नेशन्स हॅज. वाक्यांश कर्ता असेल तर तोही एकच: 'रीडिंग न्यूजपेपर्स इज अ गुड हॅबिट', कारण चांगली सवय आहे ती वाचणं, न्यूजपेपर्स नव्हेत. 'मेनी अ स्टुडंट हॅज' आणि 'मोअर दॅन वन पर्सन हॅज' हे अर्थाने अनेक पण क्रियापद एकवचनी, हे दोन मात्र सरळ लक्षातच ठेवावे लागतात.

मराठीची मोजणी आणि इंग्लिशची मोजणी

हा भाग मराठी माणसाने खास वेळ देऊन करावा असं मला वाटतं, कारण इथे कर्ता बरोबर सापडतो पण मोजणी मराठीची होते. आपण म्हणतो केस गळतायत, अनेकवचन, पण इंग्लिशमध्ये डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर इज'. आपण म्हणतो बातम्या लागल्यात, इंग्लिशमध्ये 'द न्यूज इज ऑन'. उलट बाजूला कात्री, पँट, चष्मा आपल्याला एक, इंग्लिशला अनेक: द सिझर्स आर, द ट्राउझर्स आर, माय ग्लासेस आर. पण पुढे 'अ पेअर ऑफ' लावलं तर 'पेअर' कर्ता होतो आणि 'इज' येतं. एक पोलीस आला असं आपण सहज म्हणतो, इंग्लिशमध्ये 'द पोलीस आर कमिंग', आणि एकच असेल तर 'अ पोलीस ऑफिसर इज'.

इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, होमवर्क, सॉफ्टवेअर, हे इंग्लिशमध्ये मोजताच येत नाहीत. ना 'एस' लागतो, ना 'आर'. 'ऑल द इन्फर्मेशन इज हिअर.' मॅथमॅटिक्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स हे विषय म्हणून एकवचनी, मीझल्ससारखा आजारही सहसा एकवचनीच. क्रायटेरिया आणि फिनॉमिना मात्र अनेकवचन आहेत, त्यांचं एकवचन क्रायटेरियन आणि फिनॉमिनन. 'डेटा' दोन्हीकडे चालतो, शास्त्रीय लेखात 'डेटा आर' दिसेल आणि कॉम्प्युटरवाल्यांकडे 'डेटा इज', फक्त एका लेखात एकच ठेवा.

टीम, कमिटी, स्टाफ, गव्हर्नमेंट, फॅमिली अशा समूहांचं अमेरिकन इंग्लिशमध्ये एकवचन धरतात. ब्रिटिश इंग्लिशमध्ये दोन्ही चालतं, समूह एक म्हणून वागत असेल तर इज, त्यातली माणसं डोळ्यासमोर असतील तर आर. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत 'इंग्लंड आर बॅटिंग' ऐकलं असेल, ती चूक नाही, ती ब्रिटिश पद्धत आहे. तुम्ही कुठली घ्यायची? गोंधळ असेल तर एकवचन घ्या, ते कुठेही चुकीचं ठरत नाही.

पायरी ५: उलटी वाक्यं आणि 'हू'ची वाक्यं

'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्ता क्रियापदाच्या नंतर येतो. 'देअर इज अ प्रॉब्लेम', 'देअर आर थ्री प्रॉब्लेम्स'. बोलताना इंग्लिश लोकही 'देअर्स थ्री प्रॉब्लेम्स' म्हणून जातात, पण लिहिताना 'आर' करा. प्रश्नातही तसंच: 'व्हेअर आर माय कीज', 'व्हॉट आर द रीझन्स'. कर्ता यायच्या आधीच क्रियापद लिहावं लागतं, म्हणून वाक्य सुरू करतानाच पुढे एक येणार की अनेक हे मनात ठरवून ठेवावं लागतं, तेवढा एक क्षण घ्या.

हू, विच, दॅट यांना स्वतःचं वचन नसतं, मागचं नाम बघायचं. 'द मॅन हू लिव्ह्ज हिअर', 'द पीपल हू लिव्ह हिअर'. आता जरा अवघड: 'शी इज वन ऑफ द डॉक्टर्स हू वर्क ॲट नाइट.' रात्री काम करतात ते कोण? डॉक्टर्स, अनेक जण, त्यातली ती एक. म्हणून 'वर्क'. पण 'शी इज द ओन्ली वन ऑफ द डॉक्टर्स हू वर्क्स ॲट नाइट' मध्ये रात्री काम करणारी ती एकटीच, म्हणून 'वर्क्स'. पायरी २ चा प्रश्न इथेही पुरतो, फक्त तो 'हू'च्या पुढच्या क्रियापदाला वेगळा विचारायचा.

काही ठिकाणी इंग्लिश मुद्दाम नेहमीची जुळणी सोडतं. 'इफ आय वेअर यू', 'आय विश शी वेअर हिअर' ही कल्पनेतली वाक्यं. 'आय सजेस्ट दॅट ही टेक रेस्ट', 'इट इज इम्पॉर्टंट दॅट शी बी प्रेझेंट' ही सूचना-आग्रहाची. इथे 'टेक'ला 'एस' नाही म्हणून घाबरून लावू नका, औपचारिक लिखाणात हे असंच असतं.

पायरी ६: लिहून झाल्यावरची तपासणी

लिहितानाच सगळं बघायला गेलात तर विचार तुटतो. आधी लिहून काढा, मग फक्त या एका गोष्टीसाठी परत वाचा, स्पेलिंग आणि बाकीचं तेव्हा बघायचं नाही. करून दाखवते. हा एका ईमेलचा तुकडा:

'द फीडबॅक फ्रॉम अवर कस्टमर्स आर गुड. एव्हरी मेंबर ऑफ द टीम हॅव वर्क्ड हार्ड. देअर इज स्टिल सम इश्यूज, अँड वन ऑफ देम नीड अर्जंट अटेन्शन. द मॅनेजर, अलाँग विथ टू इंजिनिअर्स, आर लुकिंग इंटू इट. द नंबर ऑफ कंप्लेंट्स हॅव गॉन डाउन.'

पहिलं वाक्य: आर गुड, काय? फीडबॅक. 'फ्रॉम अवर कस्टमर्स' झाका. फीडबॅक मोजता येत नाही, म्हणून इज. दुसरं: कर्ता 'एव्हरी मेंबर', टीम 'ऑफ'च्या मागे गेली, म्हणून हॅज. तिसऱ्यात दोन क्रियापदं आहेत, दोन्ही वेगळी तपासायची: 'देअर'च्या पुढे इश्यूज आहेत म्हणून आर, आणि 'वन ऑफ देम'चा कर्ता वन म्हणून नीड्स. चौथ्यात स्वल्पविरामांमधलं झाकलं की मॅनेजर एकटा उरतो, म्हणून इज. शेवटच्यात खाली काय गेलं? तक्रारींची संख्या, म्हणून हॅज. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये नवा नियम एकही लागला नाही, तेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले.

एक उपाय अजून, लांब वाक्यासाठी. कर्ता सापडला की त्याच्या जागी इट, ही, शी किंवा दे ठेवून वाक्य मोठ्याने म्हणून बघा. 'द प्रायसेस ऑफ दिस मॉडेल' जड वाटतं, पण 'दे हॅव गॉन अप' म्हटलं की 'हॅव' लगेच कानाला पटतं. बऱ्याच जणांना 'इट हॅव' किंवा 'दे इज' हे ऐकूनच चुकीचं वाटतं, कारण ती जोडी हजारदा कानावरून गेलेली असते, फक्त कर्ता लांबलचक झाला की तो कान काम करत नाही. सर्वनाम ठेवून त्याला परत कामाला लावायचं.

आणि आपल्या चुका एका वहीत उतरवत जा, नुसतं दुरुस्त केलेलं वाक्य नाही, तर चूक कशामुळे झाली ते पण: शेजारचं नाम, आदराचं अनेकवचन, दुसऱ्या क्रियापदाचा सुटलेला 'एस', मोजता न येणारं नाम. पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुतेकांना दिसतं की आपण दोन-तीनच ठिकाणी सारखे घसरतो. मग तपासताना सगळ्या पायऱ्या लावायची गरज नाही, तेवढ्या दोन-तीन जागा आधी बघायच्या.